विमानाला घातलेला हार

नाशिकच्या स्टँडवर बायकोने मला गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि इंजिन गुरगुरायच्या आत ती मेथी घ्यायला निघूनही गेली. आमच्यात निरोपाचा कार्यक्रम एवढाच असतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा वाटलं नाही, असं म्हणतो. पुढचा आठवडाभर मी बेळगावात होतो, आणि तिथून आलेला माणूस निरोपाबद्दल जरा हट्टी होतो.

माझा धंदा माणसांना बसवण्याचा. म्हणजे दवाखाने, वकील, मंगल कार्यालयं यांच्या बैठकीच्या खोल्या मी सजवून देतो. पंचवटीतल्या दातांच्या एका डॉक्टरांची खोली मी इतकी शांत करून दिली की पेशंट सोफ्यावरच झोपतात आणि डॉक्टर तिथेच येऊन दाढ काढून नेतात. एका गृहस्थांची तर नंबर नसताना दाढ गेली. ते नुसते बायकोला सोबत म्हणून आले होते.

ही कीर्ती बेळगावापर्यंत कशी पोचली ते मला विचारू नका, कारण ती मीच फोन करून पोचवली होती. तिथल्या सांबऱ्याच्या विमानतळावर प्रवाशांसाठी नवं लाउंज करायचं घाटत होतं. ते शांत हवं आणि आपुलकीचंही हवं. खुर्च्यांचं काम कल्लाप्पाअण्णा या उद्यमबागेतल्या कारखानदारांकडे येणार होतं आणि खोलीचं रूप ठरवायचं माझ्याकडे. पण त्याआधी एक नमुना खोली उभी करून दाखवायची होती. ती तपासायला येणारे बेंगळूरचे साहेब फोनवर एकच वाक्य बोलले होते: "मला खुर्च्या दाखवू नका, पहिल्यांदा विमानात बसणारं घाबरलेलं माणूस तिथं बसवा आणि ते शांत झालेलं दाखवा." माणूस शांत झालं तर काम आमचं. नाही झालं तर शनिवारी संध्याकाळी मी रिकाम्या हाताने नाशिकच्या गाडीत.

एक बारीकसा तपशील राहिला. मी स्वतः आजवर विमानात बसलो नव्हतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चंद्रावर जाणारी यानं बनवणारे तरी कुठे सगळे चंद्रावर जाऊन आलेले असतात?

रात्र घोरण्यात गेली. सकाळी कोल्हापूर मागे पडलं, कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडला आणि रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं एकदम गोलमटोल झाली. निपाणी जवळ आली हे मात्र पाटीवरून नाही, नाकावरून कळतं. हवेतच तंबाखू! पहिली शिंक कंडक्टरला आली, ती ड्रायव्हरने उचलली, मग सगळी गाडी एका सुरात शिंकायला लागली. त्या जोरावर आमची गाडी तवंदीचा अर्धा घाट इंजिन बंद ठेवून चढली. ड्रायव्हर म्हणाला, रोजचंच आहे, डिझेल वाचतं. घाटापलीकडे उसाचे फड, मग काळ्या रानांचे पट्टे, आणि काकतीपाशी असा गार वारा खिडकीतून आत आला की शेजारच्या आजोबांनी मला न विचारता माझी शाल पांघरली.

बेळगावच्या स्टँडवर अण्णा मोटरसायकल घेऊन उभे होते. गडी उंचापुरा, मिशा अशा की त्यांवर दोन्हीकडे एकेक पिशवी टांगता यावी.

"आलासा? जेवलासा का?"

"अण्णा, सकाळचे नऊ वाजलेत."

"मग लईच वेळ झाला की! चला."

अनगोळला त्यांच्या घरी वहिनींनी ताटात घडी घातलेलं काहीतरी वाढलं. मी ते रुमाल समजून मांडीवर पसरलं. ते मांडे (कागदासारखी पातळ गोड पोळी) निघाले. वहिनींनी दुसरा वाढला आणि "ह्यो खायाचा" म्हणाल्या. वर कुंदा (दूध आटवून केलेली तपकिरी मिठाई) आला. दुसऱ्या चमच्याला माझे खांदे खाली आले, तिसऱ्याला डोळे मिटले, चौथ्याला मी अण्णांना विचारलं, की लाउंजमध्ये दुसरं काही न करता नुसता नळ बसवून कुंदा सोडला तर? अण्णांना कल्पना पसंत पडली, पण नळ चिकटेल म्हणाले.

उद्यमबाग म्हणजे कारखान्यांची वसाहत. ओतशाळा, लेथ, पत्रे कापणारी यंत्रं, आणि अण्णांच्या शेडच्या दोन्ही बाजूंना लोखंड ठोकणारे मोठे घण. एकेका ठोक्याला टेबलावरचा कप अर्धी वीत पुढे सरकतो. अण्णांना चहा हवा असला की ते हात लांब करत नाहीत, नुसती वाट बघतात. याच शेडमध्ये आम्हाला शांतता तयार करायची होती.

पण मीही नाशिकचा. चार दिवसांत खोली उभी केली. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. उजेड मंद. चंदनाचा दरवळ. बासरीची एक हळुवार धून. एकेकट्या खुर्च्या, दोघांमध्ये हातभर अंतर, म्हणजे कोणी कोणाला त्रास द्यायला नको, आणि सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे. खऱ्या लाउंजमध्ये तिथे काच असणार आणि काचेतून धावपट्टी दिसणार. नमुन्यात तिथे विमानाचा एक भलामोठा फोटो चौकटीत लावला. खुर्च्या हलता कामा नयेत असं मी म्हणालो मात्र, अण्णांनी प्रत्येक पाय खालच्या लोखंडी पट्टीला वेल्डिंग करून टाकला. "आता भूकंप आला तर घर पडंल, खुर्ची न्हाय," ते म्हणाले.

राहिलं होतं ते घाबरलेलं माणूस. अण्णांकडे तेही तयार होतं.

"आमची थोरली भन हाय निपाणीला. सुशीलाआक्का. लेकीनं हैदराबादला नवं घर घेतलंय, रविवारचं विमानाचं तिकीट काढून दिलंय. आक्का म्हंतीया, तिकीट फाडून टाक."

आम्ही निपाणीला गेलो. आक्काचं भर बाजारात शिलाईचं दुकान. साठीची बाई, गळ्यात मोजपट्टी, जिभेला कात्रीची धार. मला बघून तिने आधी माझ्या शर्टाची बाही ओढून पाहिली आणि "कुणी शिवलाय ह्यो? त्याला धरून आणा," असं म्हणून आत नेलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, घट्ट दही आणि एक ठेचा. त्या ठेच्याबद्दल एवढंच सांगतो की मी पहिला घास घेतला आणि बाजारात तीन दुकानं पलीकडे एका माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आक्का, भीती कशाची वाटते?" मी पाणी पिऊन विचारलं.

"भीती न्हाय रं. पायाखाली काय न्हाय, हेच मला पटत न्हाय. आठवण झाली तरी छातीत धडधडतंय."

"मी अशी खोली केली आहे की तिथे बसलं की धडधड थांबते."

"काय हाय त्यात?"

"शांतता."

"ती मला दुपारी दुकान मिटलं की फुकट मिळती." तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "पण येते. शनिवारी तुझ्या खोलीत धडधड थांबली तर रविवारी विमानात बसते. न्हाय थांबली तर कलूनं परत नाव काढायचं न्हाय. काय रं कलू?"

उद्यमबागेला घाम फोडणारे अण्णा मान खाली घालून म्हणाले, "व्हय आक्का."

शनिवार उजाडला. घणांच्या आवाजात साहेबांना कसली शांतता दाखवणार? म्हणून अण्णा सकाळीच शेजाऱ्यांकडे जाऊन हात जोडून आले: दुपारी तासभर घण बंद ठेवा. शेजारी भली माणसं, कारण न विचारता हो म्हणाले. परत येऊन अण्णांनी नमुना खोलीवरून एकदा नजर फिरवली. त्यांच्याकडे नवं यंत्र आलं, नवं काम सुरू झालं की हार घालायचा आणि दिवा लावायचा, हा वसाहतीतला शिरस्ता. इथे यंत्र म्हणाल तर एकच दिसत होतं. त्यांनी विमानाच्या फोटोला झेंडूचा जाडजूड हार घातला आणि खाली समई लावली. मी तेव्हा दाराबाहेर साहेबांच्या फोनची वाट बघत येरझाऱ्या घालत होतो.

तेवढ्यात निपाणीहून टेम्पो आला. आक्का उतरली, मग आक्काची जाऊ, पुतणे, सुना, दुकानातल्या दोघी, शेजारीण, शेजारणीची सासू, आणि शेवटी कोणाचा कोण हे टेम्पोवाल्यालाही माहीत नसलेला एक माणूस.

"एवढी माणसं?" मी अण्णांना विचारलं.

"घालवायला (निरोप द्यायला) आल्यात."

"विमान उद्या आहे!"

"म्हणून तर थोडी आल्यात. उद्या बघा."

आतली पांढरी स्वच्छता बघून सगळ्यांनी दाराबाहेर पायताणं काढली. पाहता पाहता चपलांची रांग रस्त्यापर्यंत गेली. आक्काला मी मधल्या खुर्चीत बसवलं. बाकीची मंडळी पांढऱ्या अभ्र्यांवर अवघडून टेकली. एकेकट्या खुर्चीत, हातभर अंतरावर, मंद उजेडात, समोर तोंड करून बसलेलं माणूस बोलणार कोणाशी? सगळे गप्प झाले. दुपार झाली आणि घण थांबले.

आता त्या वसाहतीत कामाच्या दिवशी घण एकाच कारणाने थांबतात, हे मला नाशिकला कोण सांगणार? शेजारच्या शेडमधले कामगार बाहेर आले. त्यांना दिसलं ते असं: घण बंद, अण्णांच्या दारात चपलांची लांब रांग, आत पांढरे पडदे, बायकामाणसं मुकी बसलेली, चंदनाचा वास, समई, आणि हार घातलेला फोटो. त्या भागात अशा घरात शिरताना कोण गेलं असं विचारायची रीत नाही. हात धुवायचे, टोपी काढायची, आत जाऊन गुमान बसायचं. ते तसे आले आणि बसले. त्यांना पाहून पलीकडच्या ओतशाळेतले आले. त्यांना पाहून चहावाला आला, किटली बाहेर ठेवून. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून जमिनीवर बसली. माझा ऊर भरून आला! माझ्या खोलीची कीर्ती एका दुपारीत वसाहतभर झाली, असं मी समजलो.

साहेब आले तेव्हा आत अर्धी उद्यमबाग होती आणि बासरीशिवाय चकार आवाज नव्हता. साहेबांनी दारात बूट काढले, एका कामगाराने आदराने उठून खुर्ची दिली, तीत बसले आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ते पुटपुटले, "भाळ छलो (फार छान)." मी मनातल्या मनात मुंबई, दिल्ली, दुबई सगळीकडची लाउंजं घेतली. कोणकोणत्या शहराला नाही म्हणायचं त्याचाही विचार करून ठेवला.

मग साहेब आक्काकडे वळले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "आज्जी, धडधड थांबली?"

आक्काने उजवीकडे पाहिलं, एक रांगडा गडी डोळे पुसत होता. डावीकडे पाहिलं, चहावाला हात जोडून होता. समोर पाहिलं.

"थांबली?" ती कडाडली. "थांबायची येळ आलीया माझी! ज्याला बघंल त्यो रडतोय, आणि इमानाच्या फोटूला हार घातलाय! ह्या हार घातलेल्या इमानातनं मला पाठवतोस व्हय रं कलू?"

मी पहिल्यांदाच त्या भिंतीकडे नीट पाहिलं आणि माझी दुबई हातची गेली.

तेवढ्यात डोळे पुसणारा तो रांगडा गडी हळूच म्हणाला, "अण्णा, पायलट आपल्या उद्यमबागंतला व्हता काय?"

आधी आक्काच्या जावेला हसू फुटलं. ती तोंडावर पदर धरून अशी हलायला लागली की वेल्डिंग केलेली खुर्ची कुरकुरली. मग सुना, मग ओतशाळा, मग चहावाला. शेडचे पत्रे थडथडले. शेजारचे घण लाजले असते असा तो गडगडाट. अण्णा कसेबसे साहेबांना कन्नडमध्ये काय घडलं ते समजावत होते आणि साहेब गंभीरपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते सगळ्यांच्या नंतर हसायला लागले आणि सगळ्यांच्या नंतर थांबले. मधे त्यांचा चष्मा समईत पडला.

हसून हसून आक्का खुर्चीत उलटी फिरली होती, गुडघे टेकून, पाठीवरून मागे आपल्या माणसांकडे बघत. तिने डोळे पुसले आणि साहेबांकडे वळून परत नीट बसली.

"अट बाकी आहे," साहेब म्हणाले. "धडधड?"

आक्काने छातीवर हात ठेवला. "हाय."

मी संपलो. पण ती तशीच उठून पुन्हा उलटी फिरली. दारात टेम्पोवाला उभा होता, त्याने उगाचच हात केला. "आता न्हाय," आक्का म्हणाली. परत समोर वळली. "आता हाय." परत मागे. "आता न्हाय."

माझ्या डोक्यात तेव्हा जे पेटलं त्याचं श्रेय मी कोणालाही देणार नाही. मी ओरडलो, "अण्णा, खुर्च्या फिरवा! सगळ्या! तोंडं दाराकडे!"

"वेल्डिंग केलंय की हो!"

"कापा!"

गॅस कटर आला. रडायला आलेले कामगार हौसेने कामाला लागले. चहावाल्याने किटली आत आणली. सगळ्यांचा चहा होईपर्यंत सगळ्या खुर्च्या पट्टीपासून सुटून वळल्या होत्या, आणि हातभर अंतर गेलं होतं, कारण वळवणाऱ्यांनी त्या एकमेकींना चिकटवूनच ठेवल्या. आक्काने स्वतःच्या हाताने पांढरे अभ्रे ओढून काढले. "हे आदी काढ. इरकलीचं (रंगीत काठाचं इथलं लुगडं) कापड लाव, मी शिवून देते." अण्णांनी हार काढून, कोणाच्या गळ्यात घालावा ते न सुचून, साहेबांच्या गळ्यात घातला.

साहेब हारासकट बसले. त्यांच्यासमोर आता विमान नव्हतं, दार होतं. दारात दाटीवाटीने निपाणी आणि उद्यमबाग उभी होती. आक्का त्यांच्या शेजारच्या खुर्चीत पदराने वारा घेत होती.

"धडधड?" साहेबांनी विचारलं.

"सारखं काय इचारतासा? न्हाय म्हटलं की."

ठरलं ते असं: काच धावपट्टीकडे नाही, रस्त्याकडे. आतल्या खुर्च्यांची तोंडं त्या काचेकडे. आणि काचेबाहेर, सावलीत, घालवायला येणाऱ्यांसाठी लांबच लांब कट्टा. काम आमचं झालं.

फक्त जाताना माझे बूट सापडेनात. त्या रांगेत कोणीतरी ते घालून गेलं होतं आणि माझ्यासाठी एक करकर वाजणारी कापशी (कोल्हापुरी घाटाची) चप्पल उरली होती, दोन मापं मोठी. साहेबांनी खूश होऊन माझं परतीचं तिकीट विमानाचं करून दिलं: आधी हैदराबाद, मग नाशिक. म्हणजे रविवारी आक्काच्या शेजारची सीट माझी. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

रविवारी सांबऱ्याला एक टेम्पो नव्हता, तीन होते. पहारेकऱ्याने फक्त आम्हा दोघांना आत सोडलं. आक्का ठणठणीत चालत होती आणि मी मागे करकर करकर. आत खुर्चीत बसलो तर मला भलतंच काही व्हायला लागलं. कपाळावर घाम, आणि पायाखाली काही नसण्याची कल्पना.

"काय रं? कितव्यांदा बसतोयस इमानात?"

मी एक बोट वर केलं. आक्का एवढ्यांदा हसली की घोषणा करणारी बाई थांबली.

"मागं बघ," ती म्हणाली.

मी वळलो. दाराच्या काचेला अख्खा गोतावळा चिकटला होता. पहारेकरी त्यांना सरका म्हणत होता आणि ते सगळे मिळून एक पाऊल डावीकडे सरकत होते. मधोमध कल्लाप्पाअण्णा, दोन्ही हात वर, आणि दोन्ही हातांत माझे बूट! सापडले होते. आत आणता येत नव्हते. अण्णा ते बूट हवेत नाचवत होते, आणि त्यांच्यामागे तो रांगडा गडी अनवाणी उभा राहून माझ्या पायांकडे बोट दाखवत होता. माझा घाम कधी वाळला ते कळलं नाही.

विमान उडालं. मी खिडकीतून मान वळवून मागे पाहत राहिलो. मी शपथेवर सांगतो, ढगांच्या वर गेल्यावरसुद्धा मला खाली माझे बूट दिसत होते.

नाशिकच्या घरी बायकोने दार उघडलं आणि आधी पायांकडे पाहिलं. "ही चप्पल कोणाची?"

मी सगळं सांगितलं. यातलं अर्धं तिला खोटं वाटलं, आणि ते नेमकं खरं असलेलं अर्धं. पुढच्या महिन्यात कामासाठी मला परत बेळगावला निघायचं होतं. स्टँडवर तिने पाण्याची बाटली दिली आणि वळली. मी खिडकीतून पायातली चप्पल काढून वर धरली आणि नाचवली. ती थांबली. भोवतालचे लोक बघत होते, ती लाल झाली. पण गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथेच उभी राहिली, मेथीची रिकामी पिशवी हलवत.